‘नॉट येट’ म्हणजे कधी?

थेरगावात, डांगे चौकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. येणारे बहुतेक जण चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांत कामाला आहेत. कोणी प्रेस शॉपमध्ये, कोणी क्वालिटीत, कोणी डिस्पॅचला. फर्स्ट शिफ्ट संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून, घरी हातपाय धुऊन ते वर्गात येतात. हा वर्ग सुरू करण्याआधी मी बरीच वर्षं चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात एक्स्पोर्टच्या टेबलावर काम केलं. तिथं माझा रोजचा संबंध स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांशी होता, आणि त्यांच्यासाठीच मी स्पॅनिश शिकले.

चाकण म्हटलं की लोकांना फोक्सवॅगनमुळे जर्मन आठवतात, स्पॅनिशचं नाव कोणी काढत नाही. पण स्पेनमधल्या बिल्बाओच्या सीआयई ऑटोमोटिव्हनं २०१३ मध्ये महिंद्राच्या सुट्या भागांच्या व्यवसायात पाऊल टाकलं आणि महिंद्रा सीआयई उभी राहिली. २०२३ पासून तर तिचं नावच सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया झालं आहे. गेस्टाम्प ही दुसरी स्पॅनिश कंपनी चाकणमध्ये गाड्यांच्या सांगाड्याचे पत्र्याचे भाग बनवते. चाकणच्या व्हेंटो आणि तळेगावच्या शेवरोले बीट कित्येक वर्षं मेक्सिकोला जात होत्या. कोलंबियाच्या रस्त्यांवर बजाजची पल्सर ओळखीची झाली त्यालाही आता काळ लोटला. माल गेला की त्याच्यामागे मेल येतात, आणि ते इंग्रजीत असतात. लिहिणाऱ्याची भाषा स्पॅनिश, वाचणाऱ्याची मराठी. इंग्रजी दोघांनाही शिकूनच आलेली.

या दोघांना मी एकाच ठिकाणी अडखळताना पाहिलं आहे. तो शब्द तीन अक्षरांचा आहे: ‘येट’. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला अर्धं पान मिळतं. मी वर्गात त्याच्यासाठी दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवते, कारण कारखान्याच्या कामात मालाची, मशीनची आणि माणसाची खबर याच शब्दाच्या आधारानं दिली जाते. इतक्या वर्षांत जे हाती लागलं ते इथं लिहिते आहे.

१. आधी आपल्या ‘अजून’ची ओळख करून घ्यावी

‘बाळ अजून झोपलंय.’ ‘बाळ अजून उठलं नाही.’ ‘अजून एक चपाती घे.’ ‘त्याचं घर तर अजून मोठं आहे.’ आपल्याला ही चारही वाक्यं एकाच शब्दानं साधतात, आणि त्यात काही विशेष आहे असं मनातही येत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘स्टिल’ लागतो, दुसऱ्याला ‘येट’, तिसऱ्याला ‘मोर’ आणि चौथ्याला ‘इव्हन’.

स्पॅनिशमध्ये ‘तोदाविया’ असा शब्द आहे. बाळ झोपलेलं असेल तरी तोदाविया, उठलं नसेल तरी तोदाविया, आणि घर त्याहून मोठं असेल तरी तोदावियाच. फक्त चपातीपाशी तो थांबतो, तिथं ‘ओत्रा’ म्हणजे ‘दुसरी’ म्हणावं लागतं. मराठी आणि स्पॅनिश इथं जवळजवळ हातात हात घालून चालतात. वेगळी वाट इंग्रजीनं धरली आहे.

हे फळ्यावर लिहिलं की वर्गातल्या चेहऱ्यांवर फरक दिसतो. बीड-लातूरकडून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला आपलं इंग्रजी कच्चं आहे याची मनातून लाज वाटत असते. युरोपातला अनुभवी टूलरूम इंजिनिअरसुद्धा मेलमध्ये अगदी त्याच्यासारखंच ‘येट नॉट अराइव्ड’ लिहितो हे समजलं की ती लाज थोडी उतरते. उतरायलाच हवी. ही बुद्धीची उणीव नाही. दोन भाषांनी जे काम एका शब्दाला दिलं ते तिसरीनं चौघांत वाटून टाकलं, एवढंच आहे.

शब्दांच्या मुळांत डोकावायची मला हौस आहे, म्हणून हेही सांगते. ‘तोदाविया’ची फोड ‘तोदा विया’, म्हणजे ‘सगळी वाट’. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘नेहमी’ असा होता. आपला ‘अजून’ हा ‘आज’च्याच कुळातला, संस्कृत ‘अद्य’पासून निघालेला. इंग्रजी ‘स्टिल’चा मूळ अर्थ निश्चल, न हललेला. जे हललं नाही ते अजून तिथंच आहे.

२. ‘येट’ शेवटी बसतो

मराठीत आणि स्पॅनिशमध्ये हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला सहज येतो. ‘अजून माल आला नाही.’ म्हणून दोन्हीकडची माणसं इंग्रजीतही तसंच लिहितात: ‘येट द मटेरियल हॅज नॉट कम.’

इथं घोटाळा नुसत्या जागेचा राहत नाही. इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी बसलेल्या ‘येट’चा अर्थ ‘तरीही’ होतो. मालाची साधी खबर द्यायला लिहिलेलं वाक्य वाचणाऱ्याला ‘इतकं सांगूनही माल आलेला नाही’ असं लागतं. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या ग्राहकाला असा मेल गेला की तिकडून कोरडं उत्तर येतं, आणि आपल्या मुलाला कळत नाही की आपण काय वावगं बोललो. त्यानं काहीही वावगं बोललेलं नसतं. शब्द पुढे बसला, एवढंच.

‘अजून’ आणि ‘तरीही’ हे दोन अर्थ एका शब्दात कसे राहू शकतात, असं मुलं विचारतात. मराठीत ते वेगळे आहेत, पण स्पॅनिशमध्ये इंग्रजीसारखीच शेजारवस्ती आहे. ‘आऊन’ म्हणजे अजून. त्याच अक्षरांचा, पण डोक्यावरची रेघ नसलेला दुसरा ‘आउन’ म्हणजे ‘सुद्धा’. आणि ‘आउन आसी’ म्हणजे ‘तरीही’. छोट्या रेघेवर तिथं सगळा भार असतो. इंग्रजीत तोच भार जागेवर येतो. ‘द मटेरियल हॅज नॉट कम येट.’ शेवटी ठेवला की त्यात राग उरत नाही.

३. मशीनची तीन वाक्यं

माझ्या वर्गातला सगळ्यात कामाचा धडा हाच, म्हणून इथं मी सर्वांत जास्त वेळ देते. तीन वाक्यं फळ्यावर लिहिते.

‘द मशीन इज नॉट वर्किंग येट.’
‘द मशीन इज स्टिल नॉट वर्किंग.’
‘द मशीन इज नॉट वर्किंग एनी मोर.’

तिन्हींत मशीन बंद आहे. पण मेंटेनन्सच्या माणसानं यातलं कोणतं वाक्य लिहिलं यावर वरचा साहेब पुढे काय करणार ते ठरतं.

पहिल्यात मशीन नवं आलंय किंवा दुरुस्तीला घेतलंय. काम चाललंय, सुरू होईल. मराठीत ‘मशीन अजून सुरू झालेलं नाही.’ वाचणारा थांबायला तयार होतो. दुसऱ्यात, ज्या वेळी सुरू व्हायला हवं होतं ती वेळ टळून गेली आहे आणि सांगणाऱ्याचा धीर सुटत चालला आहे. ‘मशीन अजूनही बंदच आहे.’ इथं वाचणारा फोन उचलतो. तिसऱ्यात मशीन चालत होतं आणि आता ते चालेनासं झालं. ‘मशीन आता चालत नाही.’ इथं स्पेअरची ऑर्डर निघते, नाहीतर काम दुसऱ्या लाइनवर हलवलं जातं.

आपली मुलं तिन्ही वेळी ‘मशीन नॉट वर्किंग’ एवढंच लिहितात. वरून प्रश्न येतो, खालून उत्तर जातं, पुन्हा प्रश्न येतो. तासभर त्यातच जातो, आणि शेवटी दोष इंग्रजीच्या नावावर लागतो. खरं तर त्या मुलाच्या डोक्यात मराठीत ती तिन्ही वाक्यं स्वच्छ असतात. ‘सुरू झालेलं नाही’, ‘बंदच आहे’ आणि ‘आता चालत नाही’ यांत तो कधीही गल्लत करत नाही. मी त्याला आधी मराठीत बोलायला लावते, अगदी जसं तो सुपरवायझरला सांगेल तसं. मग त्या वाक्यातल्या खुणा दाखवते. ‘अजून’ला ‘ही’ लागला किंवा ‘बंद’ला ‘च’ लागला की समजावं, इंग्रजीत ‘स्टिल’ हवा. नुसता ‘अजून… नाही’ असेल तर ‘येट’. ‘आता नाही’ असेल तर ‘एनी मोर’.

हे ‘च’ आणि ‘ही’ शाळेत शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणून आपण पाठ केलेले असतात आणि परीक्षेनंतर विसरलेले असतात. ‘तो अजून आला नाही’ आणि ‘तो अजूनही आला नाही’ यांत जो सूर बदलतो तो त्या एका ‘ही’मुळे. इंग्रजीत त्यासाठी शब्दच बदलावा लागतो: ‘ही हॅजन्ट कम येट’, ‘ही स्टिल हॅजन्ट कम’. स्पॅनिश माणूस दुसऱ्या ठिकाणी ‘सीगे सिन येगार’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘न येताच राहिला आहे’. सूर तिन्ही भाषांना माहीत आहे. तो कुठे ठेवायचा, ही प्रत्येकीची आपापली रीत.

४. प्रश्नात ‘ऑलरेडी’ जपून

स्पॅनिशमध्ये ‘या’ असा एक शब्द आहे आणि तो दिवसभर तोंडात असतो. जेवण झालं का, रिपोर्ट झाला का, ट्रक निघाला का, सगळ्याला ‘या’. शब्दकोशात त्याच्यासमोर पहिला अर्थ ‘ऑलरेडी’ असा दिलेला असतो. त्यामुळे स्पॅनिश साहेब इंग्रजीत विचारतो: ‘हॅव यू ऑलरेडी फिनिश्ड द रिपोर्ट?’ त्याला विचारायचं असतं, ‘झाला का रिपोर्ट?’ ऐकणाऱ्याला मात्र ऐकू येतं, ‘एवढ्यात झालासुद्धा?’ इंग्रजीत प्रश्नातला ‘ऑलरेडी’ नवल दाखवतो. साधी चौकशी असेल तर तिथं ‘येट’ येतो: ‘हॅव यू फिनिश्ड द रिपोर्ट येट?’

त्या ‘येट’मध्येही एक बारीक गोष्ट आहे. विचारणारा रिपोर्टची वाट पाहतो आहे, हे त्यात आलंच. नुसतं ‘हॅव यू फिनिश्ड?’ आणि शेवटी ‘येट’ लावलेलं वाक्य यांत तेवढा फरक आहे. आपल्याकडे ‘झाला का?’ आणि ‘झाला का रे एकदाचा?’ यांत असतो तसाच, पण त्याहून पुष्कळ सौम्य. वरिष्ठांना विचारताना मी मुलांना ‘येट’ गाळायला सांगते.

अमेरिकन माणूस ‘डिड यू ईट येट?’ म्हणेल, इंग्लंडचा ‘हॅव यू ईटन येट?’ म्हणेल. गंमत अशी की स्पॅनिशमध्येही समुद्राच्या दोन बाजूंना हाच फरक पडतो. माद्रिदचा माणूस ‘आस कोमीदो या?’ विचारतो, मेक्सिकोचा ‘या कोमीस्ते?’ एकाला पूर्ण वर्तमानकाळ आवडतो, दुसऱ्याला साधा भूतकाळ पुरतो. आपला ‘जेवलास का?’ मेक्सिकोवाल्याच्या बाजूचा. वर्गात यावर कोणी अडून बसलं तर मी दोन्ही बरोबर देते.

५. ‘ऑलरेडी नॉट’ असं काही नसतं

हा स्पॅनिश बोलणाऱ्यांचा खास प्रश्न, मराठी मुलांना तो फारसा येत नाही. ‘या नो’ म्हणजे ‘आता नाही, पूर्वी होतं’. त्याचं सरळ इंग्रजी करून ते लिहितात, ‘ही ऑलरेडी डझन्ट वर्क हिअर.’ सांगायचं असतं की तो माणूस आता इथं नसतो. असा मेल आला की तो दोनदा वाचावा आणि मनात ‘आता नाही’ असं बसवून पाहावं; अर्थ लगेच लागतो. मी एक्स्पोर्टच्या टेबलावर असताना आमच्या लोकांना हे एकदा समजावून सांगितल्यावर तिकडच्या मेलवरचे निम्मे प्रश्न संपले.

६. ‘आलोच’ आणि ‘या वोय’

हा माझा आवडता धडा.

आई आतून हाक मारते, मूल ओरडतं, ‘आलोच!’ ते आलेलं नसतं. उठलेलंही नसतं. पण क्रियापद भूतकाळात गेलेलं असतं, कारण येणं इतकं जवळ आहे की झाल्यातच जमा. जगातल्या किती भाषांत असं चालतं मला ठाऊक नाही, पण मराठीत हे फार देखणं आहे, आणि त्यातला ‘च’ हीच सगळी हमी.

स्पॅनिश मूल त्या जागी ‘या वोय’ म्हणतं. शब्दशः ‘आता जातो’. तेच ‘या’, आणि पुढे ‘जाणे’चं क्रियापद, कारण त्यांच्याकडे बोलणारा स्वतःच्या जागेवरून निघण्याचा विचार करतो. आपल्याकडे तो हाक मारणाऱ्याच्या जागेवरून विचार करतो, म्हणून ‘येणे’. इंग्रजीही इथं आपल्या बाजूला आहे: ‘आय ॲम कमिंग.’

आता कारखान्यात काय होतं ते पाहा. आपला मुलगा काळेवाडी फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो आणि साहेबाला फोनवर सांगतो, ‘सर, आय केम.’ ‘आलोच’चं ते भाषांतर. साहेब गेटवर बघतो, कोणी नाही. स्पॅनिश माणूस त्या जागी म्हणतो, ‘ऑलरेडी आय गो.’ ऐकणाऱ्याला वाटतं हा निघून चालला. दोघंही वेळेत पोहोचायला धडपडत असतात आणि दोघांचंही बोलणं अप्रामाणिक वाटतं, याचं मला फार वाईट वाटतं. कामगाराच्या खरेपणाबद्दल साहेबाच्या मनात जी शंका येते ती अशाच वाक्यांतून जमत जाते.

मेक्सिकोत ‘आओरिता’ म्हणतात. ‘आओरा’ म्हणजे आता. त्याचं लाडकं छोटं रूप ‘आओरिता’. ते आत्ता या क्षणी असू शकतं, तासाभरानं असू शकतं, आणि कधीच नाही असंही असू शकतं. मेक्सिकोतला मेक्सिकोतल्याला बरोबर ओळखतो. आपला ‘आत्ता येतो’ही असाच, घरच्या माणसाला कळणारा. परक्या भाषेत हे शब्द पाठवूच नयेत. तिथं जागा आणि वेळ सांगावी: ‘आय ॲम ॲट काळेवाडी फाटा, आय विल रीच इन ट्वेंटी मिनिट्स.’ वीस मिनिटं लागणार असतील तर वीसच सांगावीत. दहा सांगून पंचवीस लावू नयेत.

७. ‘येट टू’ आपल्या अंगवळणी पडलेलं आहे

‘येट’च्या सगळ्या रूपांत मराठी माणसाला हे सर्वांत सोपं जातं, कारण आपल्याकडे ‘-यचं’ आहे. ‘पार्ट तपासायचेत.’ ‘गाडी यायचीय.’ ‘डाय पॉलिश करायचाय.’ या प्रत्येकाला ‘येट टू’ तंतोतंत बसतो: ‘द पार्ट्स आर येट टू बी चेक्ड.’ स्पॅनिशमध्येही असंच आहे, ‘एस्तान पोर रेविसार’, तपासायचे राहिलेत. इथं ना ‘नॉट’ लागतो ना ‘हॅव’ची ओढाताण. ज्यांना नकाराची लांब वाक्यं अवघड जातात त्यांना मी सुरुवातीला हेच वापरायला सांगते, आणि त्यांचे मेल बघता बघता सुधारतात.

एवढं मात्र ध्यानात ठेवावं, की यात कोण करणार ते झाकलं जातं. ‘तपासायचेत’ म्हटलं तर कोणी तपासायचेत? मराठीतही हाच धोका आहे आणि कारखान्यातल्या बऱ्याच कटकटी या ‘-यचं’मधून उभ्या राहतात. म्हणून वाक्यात करणाऱ्याला आणावं: ‘क्वालिटी हॅज येट टू चेक द पार्ट्स.’

८. बाकीचे ‘येट’

‘द बेस्ट येट’ म्हणजे आतापर्यंतचं उत्तम. ‘येट अनदर’ म्हणजे ‘अजून एक’, पण कंटाळून किंवा वैतागून म्हटलेलं, ‘अजून एक रिजेक्शन!’ या जातीचं. टपरीवर चहा मागताना तो वापरू नये, तिथं ‘वन मोर’. ‘ॲज येट’ कागदोपत्री बरा दिसतो, बोलण्यात नको. एवढं पुरे.

९. वर्गात मराठीला दार उघडं हवं

‘इथं मराठी बोलल्यास दंड’ अशा पाट्या लावणारे वर्ग मी आमच्याच भागात पाहिले आहेत. मला ती पद्धत पटत नाही, आणि हे मी ठामपणे लिहिते आहे. ज्याच्या मनात ‘अजूनही बंदच आहे’ हे वाक्य जिवंत आहे त्याला आपण ते बाहेर ठेवून यायला सांगतो आणि मग त्याच्याकडून ‘स्टिल’ची अपेक्षा करतो. तो ‘स्टिल’ कशावर उभा राहणार?

आपल्याकडे याची जुनी, चांगली वहिवाट आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजी वाक्याचं मराठी करायचं, पुन्हा उलट. त्या पुस्तकांत आजच्या कारखान्यातलं काहीच नाही, आणि उच्चाराकडे त्यांचा ओढा नाही, हे खरं. पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहायची सवय त्यांनी लावली. ती सवय आपण का सोडली, याचं पटेल असं कारण मला सापडलेलं नाही.

राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० मध्ये, आणि तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आमच्याच शहरातले. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. त्याआधी मराठी माध्यमात इंग्रजीशी पहिली गाठ पाचवीत पडायची. आज माझ्याकडे येणाऱ्या पंचविशीतल्या मुलांनी पहिलीपासून इंग्रजी घेतलेलं असतं. चाळिशीतल्यांनी पाचवीपासून. शब्द तरुणांना निश्चितच जास्त येतात, आणि इंग्रजीची भीतीही त्यांना कमी वाटते. पण ‘येट’ आणि ‘स्टिल’पाशी दोघंही सारखेच थबकतात, कारण ‘तुझ्या अजूनचे हे इतके तुकडे होतात’ असं दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. त्या निर्णयाच्या बाजूची मी आहे. शिकवणाऱ्यांना मराठीचं व्याकरणही तितक्याच आस्थेनं शिकवलं गेलं असतं तर त्याचं फळ अधिक मिळालं असतं, असं मला वाटतं.

थेरगावच्या वर्गात एका बाकावर लातूरचा ‘अजूक’ म्हणणारा असतो, दुसऱ्यावर जळगावचा असतो, मधूनच बिहार-उत्तर प्रदेशातला ‘अभी तक’वाला येतो. हिंदीलाही ‘अभी तक’, ‘अब भी’ आणि ‘और’ यांची स्वतःची वाटणी आहे. प्रत्येकाला आपापल्या बोलीतलं वाक्य मोठ्यानं म्हणायला लावते. त्यातून एकमेकांची भाषाही कानावर पडते.

१०. ‘नॉट येट’च्या पुढे तारीख

मुलाखतीत एखाद्या मशीनचं नाव घेऊन विचारतात, ‘हॅव यू वर्क्ड ऑन अ व्हीएमसी?’ आमचा मुलगा म्हणतो, ‘नो सर.’ प्रश्न तिथंच मिटतो. त्या जागी ‘नॉट येट, सर’ म्हटलं तर समोरचा मान वर करून बघतो, कारण त्यात शिकायची तयारी आली. ‘केलं नाही’ आणि ‘अजून केलं नाही’ यांतलं अंतर मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीत ते दोन शब्दांत मावतं, हे फक्त दाखवावं लागतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी या दोन शब्दांना जगभर नाव मिळवून दिलं. त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक २००६ मध्ये आलं. शिकागोच्या एका शाळेत नापास होणाऱ्या मुलांना ‘फेल’ऐवजी ‘नॉट येट’ असा शेरा देतात, हे उदाहरण त्या आपल्या व्याख्यानात सांगत. मला ते मनापासून आवडतं. ज्यानं दहावीला इंग्रजीत मार खाल्ला आणि ‘आपल्याला हे जमायचं नाही’ असं ठरवून टाकलं, त्याच्यासाठी तो शेरा औषधासारखा आहे. नंतर ते वाक्य भिंतीवरच्या रंगीत पोस्टरवर गेलं आणि कारखान्यांच्या ट्रेनिंग रूममध्येही लागलं. तिथं ते मला अपुरं वाटतं.

याचं कारण शॉप फ्लोअरवर कळतं. ‘नॉट येट’ म्हणणारा माणूस नकार देत नाही, तो होकाराची मुदत वाढवून मागतो. ऐकणारा त्या होकारावर पुढची आखणी करतो: कंटेनर बुक करतो, ओव्हरटाइमला माणसं थांबवतो, वेराक्रूझच्या बंदरावर माल उतरवून घेणाऱ्याला कळवतो. मुदत किती हे सांगितलं नाही तर या साऱ्यांनी काय धरून चालायचं? ‘नो’ ऐकून निदान दुसरी सोय तरी बघता येते.

म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे आणि तो मी सगळ्यांकडून पाळून घेते. वाक्याच्या शेवटी ‘येट’ आला की पूर्णविरामानंतरचं वाक्य ‘बाय’नं सुरू झालं पाहिजे, आणि त्या ‘बाय’च्या पुढे वार, तारीख, शिफ्ट यांतलं काहीतरी आलंच पाहिजे. ‘द लॉट हॅज नॉट बीन डिस्पॅच्ड येट. बाय थर्सडे, सेकंड शिफ्ट, इट विल लीव्ह चाकण.’ इंग्रजी व्याकरणाच्या हिशोबानं दुसरं वाक्य ‘इट’पासून सुरू करणं जास्त सरळ, हे मला माहीत आहे. तरी मी ‘बाय’ आधी लिहायला लावते, कारण वाचणारा पहिल्यांदा तेच शोधत असतो. तारीख माहीत नसेल तर ती कोणाला विचारली आणि उत्तर कधी येणार ते लिहायचं. मेक्सिकोच्या माणसाशी व्यवहार असेल तर त्याच्याकडूनही ‘आओरिता’च्या जागी वार मागून घ्यायचा, नम्रपणे, पण मागायचाच.

परवा डिस्पॅचला असलेल्या एका मुलीनं तिच्या मेलचा मसुदा दाखवायला आणला. त्यात तीन ‘येट’ होते, तिन्ही शेवटी बसलेले, आणि दोहोंच्या पुढे तारखा होत्या. तिसऱ्यापुढे तिनं लिहिलं होतं की प्लेटिंगवाल्याला विचारलं आहे, तो उद्या दुपारी सांगणार आहे. मी वाचून झाल्यावर एका ठिकाणी फक्त ‘द’ घातला आणि ‘पाठव’ म्हटलं.